धुळीचा पंचनामा

दोन वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरातला कडप्प्याचा जुना ओटा काढून ग्रॅनाइटचा बसवला. सिंकसाठी दगडात चौकोन कापायचा होता. कारागीर म्हणाला, "गच्चीवर नेऊन पाणी मारत कापतो." आम्ही घरच्यांनीच नको म्हटलं. एवढी जड फरशी वर चढवायची कशाला, आणि घरात पाणी मारलं तर सगळा चिखल होईल. इथेच कोरडं काप. त्यानं तोंडाला टॉवेल गुंडाळला, आम्हाला हॉलचं दार लावून घ्यायला सांगितलं आणि ग्राइंडर सुरू केला. पाच-सात मिनिटांनी दार उघडलं तेव्हा त्याच्या आणि हाताखालच्या पोराच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मास्क का लावत नाही म्हणून विचारलं. "सवय आहे, ताई," तो म्हणाला आणि त्यानं टॉवेल झटकला. ती धूळ खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत बराच वेळ तरंगत राहिली.

नंतर या विषयावर वाचत गेले तेव्हा कळलं, उन्हात दिसली ती धूळ त्यातल्या त्यात बरी. मोठे कण नाकात, घशात, श्वासनळ्यांतल्या चिकट स्रावात अडकतात आणि खोकून किंवा शिंकरून बाहेर पडतात. जिवावर बेततात ते साधारण ४ मायक्रॉनहून बारीक कण. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, त्यावरून या कणांचा अंदाज यावा. ते डोळ्यांना दिसत नाहीत, हवेत तासन् तास तरंगतात, टॉवेलच्या विणीतून सहज आत जातात आणि थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे रक्तात प्राणवायू मिसळतो त्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात.

दगडात स्फटिकरूप सिलिका, म्हणजे आपली गारगोटी असेल, तर पुढची गोष्ट गंभीर होते. वायुकोशांत मॅक्रोफेज नावाच्या पेशी सतत गस्त घालत असतात. आलेला कण गिळायचा आणि बाहेरच्या वाटेला लावायचा, हे त्यांचं काम. साधी धूळ त्या हाताळू शकतात. गारगोटीचा कण मात्र पेशीच्या आतली पाचकरसांची पिशवी फोडतो. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. प्रत्येक वेळी शरीर तिथे दाह पेटवतं आणि जखम भरून काढायला तंतू विणतं. वर्षानुवर्षं हे चाललं की कणाभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या थरांची कडक गाठ तयार होते. अशा शेकडो-हजारो गाठींनी फुप्फुस भरत जाणं म्हणजे सिलिकोसिस. हा आजार बरा करणारं औषध आजही नाही. स्फटिकरूप सिलिकेची धूळ कर्करोगकारक असल्याचंही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ साली जाहीर केलेलं आहे.

औषध नाही, म्हणजे सगळी मदार दोनच गोष्टींवर: धूळ उडू न देणं, आणि आजार लवकर ओळखून माणसाला धुळीतून बाहेर काढणं. यातल्या दुसऱ्या गोष्टीत गेल्या काही वर्षांत मोठा बदल झाला. तो घडवला सीटी स्कॅननं, आणि त्याची सगळ्यात ठळक कहाणी ऑस्ट्रेलियातली आहे.

ओट्यांनी आणलेली साथ

गारगोटीचा चुरा राळेसारख्या चिकट रसायनात घट्ट बांधून, दाबून, तापवून जो कृत्रिम दगड करतात, तो या शतकाच्या सुरुवातीला जगभर स्वयंपाकघरांत शिरला. डाग पडत नाही, रंग हवा तो मिळतो, ग्रॅनाइटपेक्षा एकसारखा दिसतो. पण संगमरवरात स्फटिकरूप सिलिका जेमतेम काही टक्के असते, ग्रॅनाइटमध्ये ढोबळमानानं ३० टक्के, आणि या कृत्रिम दगडात ९० टक्क्यांहूनही अधिक. तो कोरडा कापला की उडते ती जवळजवळ निव्वळ गारगोटी.

स्पेन आणि इस्रायलमधल्या डॉक्टरांनी धोक्याची घंटा आधीच वाजवली होती. इस्रायलमध्ये फुप्फुसरोपणासाठी पाठवलेल्या रुग्णांपैकी २५ जण हाच दगड कापणारे निघाले. हा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्याच्या सरकारनं सप्टेंबर २०१८मध्ये तातडीचा इशारा दिला आणि ओटे कापणाऱ्या कामगारांची तपासणी सुरू केली. पुढे राष्ट्रीय पातळीवर नेमलेल्या धूलिरोग कृतिदलानं जून २०२१च्या अहवालात मांडलेलं चित्र असं होतं: २०१८ पूर्वीपासून या धंद्यात असलेल्या जवळपास दर चार कामगारांमागे एकाला सिलिकोसिस किंवा सिलिकेमुळे होणारा दुसरा आजार. यांतले कित्येक जण तिशी-चाळिशीतले होते. सिलिकोसिस म्हणजे खाणीत उभी हयात घालवलेल्या म्हाताऱ्यांचा आजार, हा समज तिथे मोडून पडला.

त्याच तपासण्यांतून दुसरी, तितकीच हादरवणारी गोष्ट पुढे आली. सीटी स्कॅनवर ज्यांचा सिलिकोसिस स्पष्ट दिसत होता, त्यांतल्या एक तृतीयांशाहून अधिक जणांच्या छातीचा एक्स-रे निर्दोष श्रेणीत बसत होता. अनेकांची फुंकर-चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्रीही ठीक होती. नुसत्या एक्स-रेवर विसंबलं असतं तर ही माणसं "काही नाही" असा कागद घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्राइंडरपाशी उभी राहिली असती. तिथल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं मग या कामगारांसाठी पहिल्याच फेरीत सीटी करावं अशी भूमिका घेतली.

सावलीत कैरी दिसत नाही

एक्स-रे चुकला कसा? तो चुकला नाही, त्याची मर्यादाच तेवढी आहे. भर दुपारी आंब्याच्या झाडाखाली उभं राहून जमिनीवरची सावली पाहावी. शेंड्यापासून बुंध्यापर्यंतच्या सगळ्या पानांची, फांद्यांची सावली तिथे एकावर एक पडलेली असते. एक भलीमोठी फांदी मोडली तर सावलीत खिंडार दिसेल, पण मधल्या डहाळीला धरलेली कैरी त्या सावलीवरून सांगता येणार नाही. छातीचा एक्स-रे ही अशीच एकत्र पडलेली सावली असते. पुढच्या बरगड्या, मागच्या बरगड्या, गळपट्टीची हाडं, हृदय, रक्तवाहिन्या आणि या सगळ्यांच्या मधे सापडलेलं फुप्फुस. दोन मिलिमीटरच्या मऊ, विरळ गाठी त्यात विरून जातात. गाठी पुष्कळ झाल्या, दाट झाल्या, चुना धरून कडक झाल्या, की मग त्या दिसू लागतात.

असं असूनही एक्स-रेनं या क्षेत्रात मोठं काम केलं आहे, हे विसरून चालणार नाही. १९३० साली जोहान्सबर्गला सिलिकोसिसवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि तिथून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची एक्स-रे वाचण्याची पद्धत आकाराला येत गेली. ती आजही जगभर चालते. वाचणारा डॉक्टर कामगाराचा एक्स-रे प्रमाण चित्रांशेजारी ठेवतो आणि ठिपक्यांचा आकार, जागा, दाटी यांना अक्षरं आणि आकडे देतो. दीड मिलिमीटरपर्यंतचे गोल ठिपके एका अक्षराचे, तीन मिलिमीटरपर्यंतचे दुसऱ्या, दहा मिलिमीटरपर्यंतचे तिसऱ्या. दाटीच्या १२ पायऱ्या. त्यातही "१/०" असं लिहिलं तर अर्थ असा, की वाचणाऱ्यानं पहिली पायरी ठरवली, पण शून्याचाही गांभीर्यानं विचार केला होता. आपली शंकासुद्धा नोंदवून ठेवणारी ही पद्धत मला फार प्रामाणिक वाटते. पण सावलीत जे उतरलंच नाही, त्याला ती तरी काय आकडा देणार?

झाडात शिरून पाहणं

सीटी स्कॅन झाडाची सावली पाहत नाही, झाडात शिरतो. इंग्लंडमधल्या ईएमआय कंपनीचे अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी बनवलेल्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. या कामाचं गणित स्वतंत्रपणे मांडणारे अ‍ॅलन कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना १९७९चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. कल्पना अशी: क्ष-किरण एकाच बाजूनं न सोडता शरीराभोवती फिरवत शेकडो कोनांतून सोडायचे, प्रत्येक कोनातून किती किरण पार झाले ते मोजायचं आणि आतल्या प्रत्येक ठिकाणी किती घनता असली पाहिजे हे गणितानं उलगडायचं.

त्या घनतेच्या मोजपट्टीला हाउन्सफील्ड यांचंच नाव आहे. पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे १०००. निरोगी फुप्फुस बहुतांशी हवाच असल्यामुळे उणे ८००-८५०च्या आसपास राहतं. तंतूंची गाठ शून्याच्या जवळ जाते. एवढा फरक असल्यानं, काळ्या आभाळात चांदणी उठून दिसावी तशी ती दिसते. अट एकच: काप पुरेसा पातळ हवा. दहा मिलिमीटर जाडीच्या कापात दोन मिलिमीटरची गाठ आली, तर आजूबाजूच्या हवेशी तिची सरासरी होऊन ती पुसट होते. एक मिलिमीटरच्या कापात ती स्वच्छ उभी राहते. म्हणून धुळीच्या आजारांसाठी पातळ कापांचा, कडा धारदार ठेवणारा स्कॅन करतात. त्याला एचआरसीटी म्हणतात. अहवालावर हीच अक्षरं आहेत ना, हे पाहून घ्यावं.

प्रत्यक्ष तपासणी मात्र अगदी साधी असते. अंगावरची धातूची वस्तू काढायची, टेबलावर उताणं झोपायचं, हात डोक्यामागे घ्यायचे. टेबल त्या मोठ्या कड्यात सरकतं. स्पीकरवरून आवाज येतो, "श्वास आत घ्या... रोखून धरा... सोडा." दहा सेकंदांच्या आत काम संपतं. निव्वळ धुळीचा आजार पाहायचा तर सहसा शिरेतून औषधही द्यावं लागत नाही. त्या दहा सेकंदांत फुप्फुसाचे वरपासून खालपर्यंत तीनशेच्या आसपास काप संगणकात जमा होतात. आजारानं धाप लागणाऱ्या माणसाला दहा सेकंद श्वास रोखणंही जड जातं. चांगला तंत्रज्ञ ते ओळखून आधी दोनदा सराव करून घेतो. काप हलला तर बारीक गाठी फिसकटतात.

वाफे, बांध आणि पाट

खरं कौशल्य इथून पुढे सुरू होतं, कारण ठिपके अनेक आजारांत दिसतात. सिलिकोसिस, क्षयरोग, सार्कॉइडोसिस, पसरलेला कर्करोग, या सगळ्यांत फुप्फुसावर दाणे उठू शकतात. रेडिओलॉजिस्ट ठिपके मोजून थांबत नाही, ते कुठे बसले आहेत हे पाहतो.

फुप्फुसाची रचना मला बागायती शेतासारखी वाटते. ते एक-दोन सेंटिमीटरच्या लहान लहान वाफ्यांत विभागलेलं असतं. प्रत्येक वाफ्याभोवती पातळ पडद्यांचे बांध. वाफ्याच्या मधोमध बारीक श्वासनलिका आणि तिच्या सोबतीनं धमनी, जणू पाणी आणणारा पाट. धूळ या पाटानंच आत येते, म्हणून सिलिकोसिसच्या सुरुवातीच्या गाठी पाटाच्या तोंडाशी, वाफ्याच्या मध्यावर दिसतात. धूळ उचलून नेणाऱ्या रसवाहिन्या बांधांतून आणि फुप्फुसाच्या आवरणालगत जातात, तेव्हा काही गाठी तिथे रांग धरतात. रक्तातून पसरणाऱ्या मिलिअरी क्षयरोगाचे दाणे मात्र असा कोणताच शिरस्ता पाळत नाहीत. मूठभर बी फेकावं तसे ते बांधावर, पाटात, वाफ्यात सगळीकडे सारखे विखुरतात. "मिलिअरी" हा शब्दच मुळी वरी-राळ्यासारख्या बारीक धान्याच्या लॅटिन नावावरून आला आहे.

दुसरी खूण उंचीची. सिलिकोसिसच्या गाठी फुप्फुसाच्या वरच्या आणि पाठीकडच्या भागात जास्त जमतात. तिसरी खूण फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या लसिकाग्रंथींची. त्या सुजतात, आणि कधी कधी त्यांच्या फक्त कडेला अंड्याच्या कवचासारखा चुना धरतो. कृत्रिम दगडाच्या कामगारांत ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांना आणखी एक चेहरा दिसला: कडा न धरलेले, धुक्याच्या पुंजक्यांसारखे अगदी फिकट ठिपके, पाटाच्या तोंडाशी. एक्स-रेवर त्यांचा मागमूसही नसतो.

तीनशे कापांत असे ठिपके शोधताना डोळे थकतात, आणि एकाच कापात आडवी कापलेली रक्तवाहिनीही ठिपक्यासारखी दिसते. म्हणून संगणकावर लगतचे काही काप एकत्र करून त्यातलं प्रत्येक ठिकाणचं सर्वांत घन तेवढं दाखवायला सांगतात. मग रक्तवाहिनी फांदीसारखी लांब दिसते, आणि गाठ असेल तर ती गोलच राहते.

आजार वाढला की गाठी एकमेकींत मिसळून सेंटिमीटरहून मोठे गोळे होतात. सीटीवर हे मिसळणं एक्स-रेच्या आधी लक्षात येतं, आणि तो टप्पा रुग्णाच्या पुढच्या आयुष्याच्या दृष्टीनं निर्णायक असतो. हे गोळे आकसताना भोवतालचं फुप्फुस ताणून फाडतात. ते कधी कधी कर्करोगासारखे दिसतात, आणि सिलिकेमुळे कर्करोगाचा धोकाही खरोखर वाढलेला असतो. अशा वेळी जुना स्कॅन शेजारी ठेवून वाढ किती झाली हे पाहण्याला पर्याय नसतो.

दोन डॉक्टरांनी एकच स्कॅन दोन तऱ्हांनी वाचू नये यासाठी सीटीचीही प्रमाण पद्धत आता आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दोन्ही फुप्फुसांचे वरचा, मधला, खालचा असे सहा भाग करतात आणि प्रत्येक भागातल्या खुणांना शून्य ते तीन गुण देतात. सगळे डॉक्टर अजून ही पद्धत वापरत नाहीत. पण भरपाईचा दावा जिथे स्कॅनवर उभा राहतो, तिथे "काही गाठी दिसतात" एवढ्या मोघम वाक्यानं कामगाराचं नुकसान होतं.

प्रत्येक धुळीची वेगळी सही

अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू उलटीकडून खेळतात. ते फुप्फुसाच्या खालच्या भागात, आवरणालगत रेघा आणि पट्टे ओढतात, आणि आवरणावर चुन्याच्या चकत्या बसवतात. हे सगळं बहुधा २०-३० वर्षांनी दिसू लागतं. इथे रेडिओलॉजिस्ट एक साधी, सुंदर युक्ती वापरतात. माणूस उताणा झोपला की पाठीकडचं फुप्फुस स्वतःच्याच वजनानं थोडं दबतं आणि तिथे धूसर पट्टा दिसतो. सुरुवातीचा अ‍ॅस्बेस्टोसिसही नेमका तिथेच दिसतो. मग माणसाला पालथं झोपवून पुन्हा काप घेतात. धूसरपणा गेला तर ते नुसतं वजन होतं. तिथेच राहिला तर तो आजार.

उसाच्या जुन्या, बुरशी लागलेल्या चिपाडाच्या धुळीनं होणारा बॅगासोसिस ही मुळात शरीराची अतिसंवेदनशील प्रतिक्रिया आहे. या जातीच्या आजारात श्वास सोडून काढलेले काप उपयोगी पडतात. निरोगी फुप्फुसातून हवा बाहेर गेली की ते उजळ दिसतं, जिथे हवा अडकली ते वाफे काळेच राहतात.

आणि एक धूळ अशी आहे, जिच्यापुढे सीटीचं काही चालत नाही. ती कापसाची. मुंबईच्या गिरणगावात पिंजण आणि ताणा खात्यांतल्या कामगारांना जो बायसिनोसिस व्हायचा, त्यात सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळून यायची आणि पुढे आठवडाभरात त्रास कमी व्हायचा. या आजाराची ठरावीक अशी कोणतीही खूण चित्रात उमटत नाही. तो कळतो कामगाराच्या सांगण्यावरून, आणि पाळीच्या आधी आणि नंतर स्पायरोमेट्री करून. "सीटी नॉर्मल आहे, म्हणजे तुम्हाला काही नाही," असं इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्याला कुणी सांगितलं, तर तो विज्ञानाचा गैरवापर होईल.

मोडेना आणि पाडुआ इथे अध्यापन करणारे इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला नेहमीचे प्रश्न विचारताना त्याचा धंदाही विचारावा, असा आग्रह त्यांनी धरला. सव्वातीनशे वर्षांनी सीटीच्या खोलीतही तो प्रश्न तितकाच लागू आहे. स्कॅन गाठ दाखवतो. ती कोणत्या दगडाची, हे दाखवत नाही. ते कामगारच सांगू शकतो.

आपल्याकडे

लहानपणी पाटीवर आपण ज्या पेन्सिलीनं बाराखडी गिरवली, ती बहुधा मध्य प्रदेशातल्या मंदसौरची. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं १९८०च्या दशकात तिथल्या पाटी-पेन्सिल कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस होता, आणि तोही एक्स-रेवर दिसण्याइतका. एक्स-रेला न दिसणारे किती असतील, ते मोजायला तेव्हा हाताशी साधन नव्हतं.

कायद्यानं हे आजार कधीच मान्य केले आहेत. कारखाने अधिनियम, १९४८च्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस, अ‍ॅस्बेस्टोसिस, बायसिनोसिस ही नावं कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत आली. अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली कामगाराचं आरोग्य हा मूलभूत हक्काचा भाग मानला आणि त्याच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं जपायला सांगितल्या. राजस्थाननं २०१९ साली सिलिकोसिसचं स्वतंत्र धोरण आणलं. तिथे डॉक्टरांचं मंडळ प्रमाणपत्र देतं आणि त्यावर आर्थिक मदत मिळते. तरी दगडाचं बहुतेक काम असंघटित आहे. ओटा बसवणाऱ्याला ना कारखाना, ना हजेरीपत्रक, ना कुणी जपलेली नोंद.

त्यात क्षयरोगाची गुंतागुंत. सिलिका फुप्फुसातली राखणदार पेशीच मारते, म्हणून सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षय होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. आणि उलट, ज्याला क्षय नाहीच त्याच्या एक्स-रेवरचे डाग क्षयाचे समजून औषधांचे कोर्सवर कोर्स दिले जातात. खोकला, धाप, वजन घटणं, वरच्या भागातले डाग, सगळं सारखंच. इथे सीटी दोन्हींकडून उपयोगी पडतो. पालवी फुटलेल्या डहाळीसारख्या दिसणाऱ्या खुणा, नवी पोकळी, एकाच बाजूला वाढलेला डाग दिसला तर क्षयाकडे बोट जातं. पण शेवटचा शब्द बेडक्याच्या तपासणीचाच. तो स्कॅनला देऊन चालणार नाही.

मग प्रत्येक कामगाराचा सीटी करावा का? किरणांचा हिशेब पाहिला पाहिजे. छातीच्या एका एक्स-रेत साधारण ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग लागतो. नेहमीच्या सीटीत ६-७, कमी मात्रेच्या सीटीत दीडच्या आसपास. माती, आभाळ, अन्न यांतून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट तसाही मिळतो. म्हणजे कमी मात्रेचा एक स्कॅन घाबरण्यासारखा नाही, पण कारण नसताना वर्षाआड काढण्यासारखाही नाही. खर्च, अंतर, बुडणारी मजुरी हेही आहेच. शिवाय स्कॅनमध्ये निरुपद्रवी गाठीही सापडतात आणि घरच्यांची झोप उडवतात.

मला पटतं ते असं. पहिल्या फेरीला चांगला एक्स-रे आणि स्पायरोमेट्री असावी. पण ज्यानं कोरडा दगड, कृत्रिम दगड किंवा गारगोटीची वाळू वर्षानुवर्षं हाताळली आहे, त्याचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून त्याला परत पाठवू नये. त्याला एक कमी मात्रेचा एचआरसीटी मिळालाच पाहिजे, आणि तो त्याच्या खिशातून नव्हे. कासार्डेची सिलिका वाळू भरणारा असो, कोल्हापूरच्या फाउंड्रीत साचे फोडणारा असो की पुण्या-मुंबईत ओटे बसवणारा, या सगळ्यांना काम काय करता हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्या दवाखान्यांना लागायला हवी. आणि कामगारानंही फिल्म किंवा सीडी रेशनकार्डासारखी जपावी. दहा वर्षांनी आजाराची चाल ठरवायला आणि हक्क मागायला तीच कामी येते.

पंचनाम्यानंतर

सीटी स्कॅन हा धुळीचा पंचनामा आहे. जागा, माप, संख्या, सगळं तो नीट नोंदवतो. पण कुठलाही पंचनामा घटना घडून गेल्यावरच होतो. गाठ दिसली याचा अर्थ धूळ आत गेली, आणि धूळ सोडल्यावरही काहींचा आजार पुढे सरकतच राहतो. लवकर कळण्याचा फायदा एवढा, की अजून दम शिल्लक असताना माणूस काम बदलू शकतो, क्षयाची तपासणी वेळेवर होते, विडी सुटते, भरपाईचा अर्ज तो स्वतः धडधाकट असताना करू शकतो. हा फायदा लहान नाही. पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे.

ऑस्ट्रेलियानं हे ओळखलं. नवे नियम आले, तपासण्या झाल्या, तरी स्कॅनवर नव्या गाठी सापडत राहिल्या. शेवटी डिसेंबर २०२३मध्ये केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांनी निर्णय घेतला आणि १ जुलै २०२४पासून कृत्रिम दगडावर बंदी आली. अशी बंदी घालणारा तो जगातला पहिला देश. कामगारांच्या छातीतून काढलेली ती चित्रं पुढे आली नसती, तर हा दगड आजही तिथे कापला गेला असता. आपल्या देशातून हाच दगड मोठ्या प्रमाणावर परदेशी जातो आणि शहरांतल्या नव्या घरांतही बसतो. तो कापणाऱ्यांच्या छातीत काय आहे, हे आपण अजून पुरतं पाहिलेलंच नाही.

आमचा ओटा बसवणारा कारागीर कधी सीटीच्या टेबलावर झोपला असेल असं मला वाटत नाही. त्याचा नंबर फोनमध्ये होता. हा लेख लिहिताना मी त्याला फोन केला, आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात छातीच्या डॉक्टरांना दाखव, काम काय करतोस ते न विचारता सांग, असं कळकळीनं सांगितलं. तो म्हणाला, "बघतो, ताई. पण गिऱ्हाईकच पाणी मारू देत नाही, काय करणार?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते गिऱ्हाईक मीच होते. बाथरूमचा एक दगड अजून बदलायचा आहे. तो गच्चीवर, पाण्याखाली कापायचा, चिखल मी धुईन, असं मी त्याला सांगितलं आहे.